गॅस पास होईपर्यंत

माझ्या पाच वर्षांच्या मुलीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं आणि भर वॉर्डात मला विचारलं, "गैस पास हुआ?"

मी पडलो सभ्य माणूस. बालाघाटच्या एका शाळेत पंधरा वर्षं पोरांना शिस्त लावतो आहे. असा प्रश्न चारचौघांत, तोही एवढ्या खणखणीत आवाजात मला कुणी कधी विचारला नव्हता. मी हळूच म्हटलं, "किसका?"

"आपका नहीं, बच्ची का," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. अपेंडिक्स पोटातच फुटलं होतं, त्यामुळे आतडी काम सोडून बसली होती. ती पुन्हा सुरू झाली हे कळायची खूण एवढीच. तोवर तोंडात पाण्याचा थेंबही जाऊ द्यायचा नाही. आणि संध्याकाळपर्यंत काही झालं नाही, तर नागपूरला न्यायचं. कदाचित पोट पुन्हा उघडावं लागेल. 'पुन्हा उघडावं लागेल' हे ते कपाटाबद्दल बोलावं इतक्या सहज बोलून पुढच्या पेशंटकडे गेले. मी पलंगाचा दांडा घट्ट धरला.

आजाऱ्याला एकटं सोडायचं नाही, असा आमच्याकडे नेम आहे. दहा वाजेपर्यंत लांजीहून माझी थोरली बहीण आली, लालबर्‍याहून सासू-सासरे आले, आणि आमच्या मोहल्ल्यातल्या, रोज बुद्धविहारात वंदनेला जाणाऱ्या पाच-सहा बाया एका ऑटोत कोंबून आल्या. सगळ्यांनी पलंगाला वेढा घातला आणि पोरीच्या पोटाकडे टक लावली. फोनवर 'हॅलो' म्हणायची पद्धत त्या दिवशी जगातून उठून गेली. फोन उचलला की पलीकडून थेट, "झालं का?"

"नाही."

"अरे बाप्पा!" आणि फोन बंद.

शेजारच्या पलंगावर हर्नियाचं ऑपरेशन झालेला एक म्हातारा होता. त्याचं पहाटेच झालं होतं. तो आरामात चहात बिस्किट बुडवून खात होता आणि आम्हाला धीर देत होता, "हो जाएगा, मास्टरजी, टेन्शन मत लो." मला त्याचा इतका हेवा वाटला, की त्याचा कप हिसकून घ्यावासा वाटला.

पोरगी मात्र गप्प पडून होती. ओठ सुकलेले, पाय एकावर एक घट्ट आवळलेले. दुपार झाली तसं पोट फुगून टणक झालं. बहीण पाठ चोळत विचारायची, "दुखते का व माय?"

"हौ."

"मंग सोड नं!"

पोरगी मान हलवायची. नाही म्हणजे नाही.

तीन वाजता सिस्टर नागपूरला न्यायचे कागद घेऊन आली. माझी बायको पदर तोंडात धरून कोपऱ्यात रडत होती. माझं डोकं सटकलं. भीती वाटली की मला रागच येतो, ही माझी जुनी खोड. पोरीच्या कानाशी वाकून मी खेकसलो, "काहून करून राह्यली तू असं?"

ती पुटपुटली, "तुमीच सांगतलं होतं."

"काय सांगतलं?"

"लोकायसमोर नाई करायचं. मेलं तरी नाई."

सांगितलं होतं खरं. मागल्या पौर्णिमेला विहारात सगळे डोळे मिटून बसले असताना तिच्याकडून आवाज झाला होता. मी तिच्या दंडाला चिमटा काढला होता, आणि घरी येऊन, बोट नाचवत, अगदी याच शब्दांत बजावलं होतं.

तिनं पलंगाभोवती नजर फिरवली. "एवढे लोक हायेत, बाबा."

मी ताडकन उठलो. "सगळे बाहेर व्हा! आत्ताच्या आत्ता!"

एक माणूस हलेल तर शपथ. बहीण भडकली, "लांजीहून का बाहेर बसाले आली मी?" सासऱ्यांनी तर तोंडच फिरवलं. त्यांचं ते फिरवलेलं तोंड बघून मला सुचलं. "बरं, जाऊ नका," मी म्हटलं, "पण भिंतीकडे तोंड करा!"

आणि सगळे फिरले. बहीण, सासू, बायको, मोहल्ल्यातल्या बाया भिंतीशी रांगेनं उभ्या राहिल्या. म्हाताऱ्यानं चादर तोंडावर ओढली. सिस्टरसुद्धा कागद छातीशी धरून खिडकीकडे वळली.

"बाबा, तुमी पन."

मीही वळलो. नाक भिंतीला टेकलं. कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं.

मग झालं. चांगलं लांबलचक झालं, सायकलच्या ट्यूबची हवा सोडावी तसं.

मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं सवयीनं हात जोडले आणि मोठ्यानं म्हटलं, "साधु, साधु, साधु!" वंदना संपल्यावर म्हणतात तसं. बाकीच्या बायांनीही तिच्यामागून म्हटलं. बहीण टाळ्या पिटत होती, सिस्टर कागद फाडत होती, आणि म्हातारा चादरीतूनच ओरडला, "देखा, मास्टरजी!"

मी वळलो. पोरीनं डोळे गच्च मिटले होते आणि सलाईन लावलेला हात चादरीखाली लपवायला बघत होती. मी चिमटा काढीन म्हणून.

"सॉरी, बाबा," ती म्हणाली. "आता नाई करणार."

वॉर्डभर लोकांसमोर मी तिच्या पायांवर डोकं टेकवून मोठ्यानं रडलो. "कर, माय," मी म्हणत होतो, "अजून कर."