सातवी ठिणगी

पराडकर मॅडम कुठल्याही वस्तूला आधी हाताची पालथी बाजू लावत. लॅबमधल्या यंत्रांना तर लावतच, पण पाण्याच्या कूलरला, फ्रिजला, एकदा आमच्या साहेबांच्या नव्या गाडीलासुद्धा. मी नवा होतो, न राहवून विचारलं. "करंट असला तर मूठ आपोआप मिटते," त्या म्हणाल्या. "सीधा हात लावलास तर वस्तू धरूनच बसशील. उलटा लावला तर हात आपल्याकडे येतो. समझे?" चार दिवसांत मीही घरी मिक्सरला पालथा हात लावू लागलो. याला नोकरी मानवलेली दिसत नाही, असं आई म्हणाली.

आमची लॅब भोपाळबाहेर, मिसरोदच्या पुढे होती. विजेवर चालणाऱ्या वस्तू बाजारात जाण्याआधी आमच्याकडे तपासणीला येत. माणसाला झटका बसत नाही ना, शेजारचं यंत्र बिघडत नाही ना आणि शेजारच्यामुळे हे बिघडत नाही ना, एवढं आम्ही बघायचो. मॅडम मूळच्या इंदूरच्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत हिंदी कधी शिरायची ते त्यांनाही कळत नसे. माझे वडील बदली होऊन सोलापूरहून भोपाळला आलेले. माझं मराठी ऐकून त्या म्हणायच्या, "बोला, बातम्या देणारे!"

कंपन्यांची माणसं तपासणीसाठी एक खास नग बनवून आणत. आत दोन भाग जास्तीचे, तारा नीट बांधलेल्या. मॅडम झाकण उघडायच्या, आत बघायच्या आणि झाकण लावायच्या. "ये तो दूल्हा है. दुकानात विकणार तो आणा." माणसं हसायची, मग त्यांच्या लक्षात यायचं की बाई चेष्टा करत नाहीयेत.

अशाच एका कंपनीचा सिरिंज पंप आला. दवाखान्यात रुग्णाच्या शिरेत थेंबथेंब औषध सोडतो, तो. त्याच्यावर ठिणगीची चाचणी होती. थंडीत स्वेटर काढताना चटका बसतो, तशी ठिणगी एका पिस्तुलासारख्या यंत्राने मुद्दाम मारायची. एकेका जागी दहा वेळा. पिस्तूल माझ्या हातात होतं आणि मॅडम सिरिंजचा दट्ट्या बघत होत्या. सातव्या ठिणगीला दट्ट्या थांबला. पडद्यावरचे आकडे चालूच होते. भोंगा वाजला नाही, लाल दिवा लागला नाही. काही सेकंदांनी दट्ट्या आपणहून पुन्हा सरकू लागला.

"थांबला," मॅडम म्हणाल्या. मीही पाहिलं होतं.

आम्ही चाचणी पुन्हा केली, तिसऱ्यांदाही केली. पंप एकदाही थांबला नाही. मॅडमनी तरी कागदावर नापास लिहिलं. "पेशंटला तीन मौके मिळतात का?" एवढंच त्या बोलल्या.

कंपनी आमचं मोठं गिऱ्हाईक होती. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि फार गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, आपका तो अभी-अभी मोतियाबिंद का ऑपरेशन हुआ है." मग माझ्याकडे वळले. "तुमने देखा?"

मी तेव्हा कंत्राटावर होतो आणि कायम होण्याचा माझा अर्ज त्यांच्याच टेबलावर होता. "नाही दिसलं, सर," मी म्हणालो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सही करण्याचा त्यांचा अधिकार साहेबांनी त्याच आठवड्यात काढून घेतला आणि मला दिला. त्या पंपाच्या अहवालावर 'पास'खाली माझी सही आहे. करताना हात थरथरला असता तर आज सांगायला बरं वाटलं असतं. थरथरला नाही.

त्यानंतर मॅडम दोन वर्षं होत्या. मीटरवर साधा आकडा बघायचा तरी कुणाला तरी हाक मारायच्या. "इकडे ये, किती दिसतंय तुला?" मला वाटायचं, यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास मी घालवला. वाटायचं म्हणजे कळायचं. आत काही हलत नव्हतं. मी डबा खायचो, सह्या करायचो, कायमही झालो.

त्या निवृत्त झाल्या आणि वर्षभरात अंथरुणाला खिळल्या. गेल्या महिन्यात त्यांच्या कोलार रोडच्या घरी गेलो. त्यांच्या यजमानांनी खुर्ची दिली आणि ते चहा टाकायला आत गेले. मॅडम खूप वाळल्या होत्या. मी वाटेत घोकून आणलेलं बोललो. "मॅडम, सातव्या ठिणगीला पंप थांबला होता. मी पाहिलं होतं. तुमचे डोळे ठीक होते."

"मला माहीत आहे रे," त्या म्हणाल्या.

"मग प्रत्येक आकडा दुसऱ्याला का दाखवत होता?"

"गवाह म्हणून. एकदा एकटी पडले ना." त्यांनी दम घेतला. "आणि मला कशाला सांगतोस? माझ्या शिरेत थोडीच लावलाय तो. सही केलीस तिथे सांग."

मी हो म्हणालो, चहा प्यायलो. नवव्या दिवशी त्या गेल्या. घाटावर बाकीचे रडत होते आणि मी गाडी सावलीत लावली आहे की नाही याचा विचार करत होतो.

पंपाचा तो अहवाल मागे घेण्याचं पत्र मी लिहिलं आहे. चार ओळींचं आहे, चूक एकही नाही. खाली माझं नाव आणि हुद्दा आहे. रोज सकाळी ऑफिसात पोचलो की ते उघडतो, वाचतो आणि बंद करून दिवसाच्या सह्यांना बसतो. आजही तेच केलं.