दामोदरावर थांबणारा सेट

"पुरे मामा, ठेवा खाली!" मी ओरडलो. पण दामोदर आल्याशिवाय रघोत्तमराव डंबेल ठेवायला तयार नव्हते.

कुंभकोणमला भांड्यांच्या दुकानावर आमची जिम आहे. मी तिथला ट्रेनर, इथल्या बोलीत 'मास्टर'. रघोत्तमराव, म्हणजे आमचे मामा, कोर्टातल्या नोकरीतून रिटायर झालेले. चारचौघांत आम्ही तमिळ बोलतो, दोघंच असलो की इथल्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जुनी मराठी.

छातीशी डंबेल धरून बाकावरून उठायचं आणि बसायचं, हा त्यांचा व्यायाम. एक उठबस म्हणजे एक रेप, सलग रेपचा एक सेट. मामा आकडे मोजत नसत. संध्येतली विष्णूची नावं म्हणत: केशव, नारायण, माधव... बारावा दामोदर. फोनवरच्या व्हिडिओत कुणीतरी बारा रेप सांगितले होते आणि मामांना त्यात देवाचीच खूण दिसली.

जड डंबेल घेतलं की वामनालाच, म्हणजे आठव्या नावाला पाय संपत. उरलेली चार नावं ते कंबर वाकवून रेटत. हलकं दिलं तर दामोदरापर्यंत घामसुद्धा नाही. मांड्या होत्या तशा काटकुळ्याच राहिल्या.

जिमचे मालक म्हणाले, "मास्टर, राव सरांना व्यायामाच्या सायकलवर बसवा. कंबर मोडली तर माझ्या गळ्याशी येईल."

मीही वैतागलो होतो. "मामा, या वयात एवढा हट्ट कशाला?"

मामा बाकावर टेकले आणि सांगू लागले. अर्धांगवायूनंतर मामींना पलंगावरून खुर्चीत बसवायचं काम त्यांचंच. आदल्या आठवड्यात उचलताना दोघंही जमिनीवर पडली होती. चेन्नईच्या मुलाने तिथला वृद्धाश्रम पाहून ठेवला होता. पोंगलला, म्हणजे संक्रांतीला येऊन तो आईला तिथे नेणार होता.

"ती जड नाहीं रे, मीच वाळलों," मामा म्हणाले. "ती गेली तर सकाळीं मी कोणास कॉफी देऊं?"

माझा राग तिथेच विरला. फार वाईट वाटलं.

"संध्येत नावं किती?"

"चोवीस. कृष्णापर्यंत."

"मग बारावर का थांबता? स्नायूला आकडा कळत नाही. आठ असोत नाहीतर वीस, शेवटचे दोन-तीन रेप जिवावर आले पाहिजेत, तरच तो वाढतो. तुमच्या कंबरेला हलकं वजन बरं. पाय थकेपर्यंत म्हणत राहा."

"आणि मध्येंच थकलों तर? देवाचीं नावें अर्धीं सोडूं?"

"वजन सोडा, नावं नको. उरलेली बसून म्हणा."

हे त्यांना पटलं. पुढच्या सेटला दामोदर ओलांडून गाडी संकर्षणावर गेली. अनिरुद्धाला, म्हणजे सोळाव्या नावाला पाय संपले. मामांनी डंबेल ठेवलं आणि उरलेली नावं हात जोडून म्हटली. मालकांनी न सांगता गाण्यांचा स्पीकर बंद केला.

हळूहळू कृष्ण सहज यायला लागला, तसं मी वजन थोडं थोडं वाढवत गेलो. मांड्या भरल्या. पँट घट्ट झाली म्हणून मामा तक्रार करत, पण खुशीत.

पोंगलला मुलगा आला. मामांनी मलाही घरी बोलावलं होतं. मामींना पलंगावरून उठवायला मुलगा मदतीला पुढे झाला, तर त्यांनी हातानेच त्याला थांबवलं. मामींच्या काखांखाली हात घातले, गुडघे वाकवले. "केशव, नारायण, माधव." मामी खुर्चीत होत्या.

मामींची जीभ अजून जड आहे. तरी मामांकडून ऐकलेलं माझंच वाक्य त्या सावकाश म्हणाल्या, "उरलेलीं... बसून म्हणा."

मुलगा हसता हसता रडला. वृद्धाश्रमाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

किती रेप करू, असं आता कुणी विचारलं की मी आकडा सांगत नाही. शेवटचे जड गेले का, एवढंच विचारतो. आणि कुणासाठी करताय, हेही.