तिकिटावरची वेळ

अवसरीच्या घरात चहा आला तरी सोपानराव आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. टेलिफोन एक्स्चेंजात पंधरा वर्षं बोर्डावर बसलेल्या माणसाची ही खोड, निवृत्तीनंतरही गेली नाही. घरचे हसतात. हसण्यावारी नेण्याइतकं ते सोपं असतं तर काय हवं होतं!

आंबेगाव तालुक्यातलं ते एक लहानसं एक्स्चेंज. कॉल हाताने जोडायचा आणि बाहेरगावच्या प्रत्येक कॉलचं कागदी तिकीट करायचं: कुणी मागितला, किती वाजता मागितला, किती वाजता जोडला. आग किंवा दवाखान्याचा कॉल आला तर चालू बोलणं तोडून लाइन द्यायची, असा नियमच होता.

एका सकाळी वाडीच्या पोस्टातून कुशाबाईचा फोन आला. तिच्या नवऱ्याला, भिकाला, घोणस चावली होती. मंचरहून दवाखान्याची गाडी हवी होती. मंचरची लाइन एकच, आणि तिच्यावर एक बडा व्यापारी बटाट्याचा भाव विचारत बसलेला. रोजच्या ओळखीच्या, वजनदार माणसाचं बोलणं तोडायला सोपानरावांचा हात धजला नाही. बारा मिनिटं गेली. मग स्वतःची कातडी वाचवायला त्यांनी कॉल मागितल्याची वेळही जोडल्याचीच टाकली, दहा चाळीस.

भिका वाचला नाही. चौकशीत तिकीट निघालं. पळत गेलं तर पोस्टाची वाट अर्ध्या तासाचीही नाही, मग दहाला घरून निघालेली बाई चाळीस मिनिटं कुठे होती? वाटेत रेंगाळली, असं तिच्या सासरच्यांनी ठरवून टाकलं. सरकारी कागदापुढे तिचं कोण ऐकणार? पुढे तिकिटं रद्दीत गेली, बोल तेवढा तिच्या माथी राहिला.

परवा पत्ता विचारत विचारत कुशाबाई स्वतःच दारात आली. पाय सुजलेले, धाप लागलेली. ओट्यावर टेकून तिने विचारलं, "भाऊ, येळ तुमीच लिवत व्हता ना? सासू मरंस्तवर म्हनत व्हती, वाटंत बसली. आता मलाबी तसंच वाटाया लागलंय. बसले व्हते का वो मी कुटं?"

आठवत नाही म्हणणं सोपं होतं. पण अडतीस वर्षं ते तिकीट मनात वागवून सोपानराव थकले होते. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"तुमाला शिव्या द्यायलाबी आता जीव ऱ्हायला न्हाई," कुशाबाई म्हणाली. "कागदावर लिवून द्या. खरी येळ घालून."

त्यांनी वहीचं पान फाडून जुन्या तिकिटासारखंच लिहिलं: मागितला दहा अठ्ठावीस, जोडला दहा चाळीस. खाली सही केली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून दोनदा वाचून दाखवलं.

कागदाची घडी मुठीत धरून ती म्हणाली, "म्हंजी मी पळतच गेले व्हते."