पहिली ओळ

बातमी आली तेव्हा ताई ओट्याशी सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होती. आमच्या जुन्या कॉलनीतल्या लोकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर सकाळीच त्या गायकाचा फोटो आला होता, खाली जोडलेले हात आणि मेणबत्त्या. मी फोन तिच्यासमोर धरला. "गेला का," एवढंच म्हणून ती पिवळी पानं काढत राहिली. जुडी संपली, धुऊन झाली, तेव्हा म्हणाली, "आवाज मात्र होता वं त्याच्यापाशी."

मला इतका राग आला की तिच्याकडचा चहा तसाच ठेवून मी घरी निघून आले. आम्ही दोघी उत्तर नागपुरात एकाच गल्लीत राहतो, त्यामुळे रुसून जायला फार लांब जावं लागत नाही. मला राग यायला काही लागतच नाही, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. पण त्या दिवशी मी स्वतःवरच चिडले होते. फोटो पाहिल्याबरोबर माझ्याही मनात आधी तो आवाजच वाजला होता.

आमचं लहानपण खापरखेड्याच्या कॉलनीत गेलं. बाबा वीजकेंद्रात बॉयलरवर होते. एप्रिल लागला की जयंतीचे कार्यक्रम सुरू व्हायचे आणि नागपूरहून त्याची गायन पार्टी यायची. त्याच्या कॅसेटी नाहीत असं घर आमच्या ओळीत नव्हतं. नामकरण असो, लग्न असो, आधी त्याचं गाणं लागायचं आणि मग पाहुणे यायचे. त्यातलं एक गाणं प्रश्नोत्तराचं होतं. दीक्षेला निघालेल्या बाईला कोणीतरी विचारतं:

सांग माये, कुठं निघाली एवढ्या पहाटे?

ही ओळ त्याची. उत्तर कोरसमधल्या बाया द्यायच्या:

पांढरं लुगडं नेसून निघाली माणसाच्या वाटे.

बाबांची आई छप्पन साली अशीच मौद्याकडच्या गावातून निघाली होती, बाबांना कडेवर घेऊन. त्यामुळे गाणं कोणी लिहिलं, कोणी गायलं याच्याशी बाबांना काही देणंघेणं नव्हतं. ते आपल्या आईचं गाणं आहे असंच ते धरून चालत. ड्यूटीवरून सायकलने येताना वळणावरूनच प्रश्न विचारायचे आणि आम्ही दोघी दारात उभ्या राहून उत्तर द्यायचो.

एका जयंतीला ताईने श्रोत्यांत बसल्या बसल्या इतक्या मोकळ्या आवाजात उत्तर दिलं की कोरसच्या बाया वळून बघायला लागल्या. कार्यक्रम संपल्यावर तो स्वतः बाबांकडे आला आणि म्हणाला, पोरीला पार्टीत पाठवा. ताई तेव्हा अठरा-एकोणीसची असेल. बाबांनी कॉलनीभर पेढे वाटले.

पार्टीचा एक नियम होता. पहिली ओळ मुख्य गायकाची, कोरसने ती ऐकायची आणि दुसरीवर यायचं. तालमीतसुद्धा कोणी पहिली ओळ गुणगुणलं तर तो गाणं थांबवायचा. शेवटच्या कडव्यात त्याचं नाव यायचं. आपल्याकडे रीतच आहे ती, गाणं बांधणारा शेवटी आपलं नाव गुंफतो. ताईला या सगळ्याची इतकी सवय झाली की घरी भांडी घासतानाही ती दुसऱ्या ओळीपासून सुरुवात करायची. आई म्हणायची, "हिचं गाणं मधातूनच सुरू होते."

दोनेक वर्षांनी उमरेडच्या एका कार्यक्रमाहून ताई एकटीच एसटीने परत आली. घसा बसला म्हणाली. परत पार्टीत गेली नाही आणि घरातही गायली नाही. आईची हळद झाली, ज्येष्ठमध झाला, कोणी सांगितलेला प्रत्येक काढा झाला. घशाला काही झालंच नव्हतं, तर तो बरा कसा होणार? बाबा सायकलवरून प्रश्न विचारत राहिले. उत्तर मी एकटी द्यायचे, आणि माझ्या सुराबद्दल न बोललेलंच बरं.

मग काही वर्षांपूर्वी त्याच्या पार्टीतली एक गायिका उघड बोलली. शिकवायच्या नावाखाली तो मुलींच्या अंगाला हात लावायचा आणि विरोध केला की कार्यक्रमातून काढायचा, असं तिने सांगितलं. पोलिसात तक्रार दिली. अर्धी वस्ती तिच्यावरच उलटली. एवढा मोठा माणूस, समाजासाठी आयुष्य घातलेला, आणि ही त्याला बदनाम करते. मीही विचारात पडले होते. तेव्हा एका दुपारी ताई माझ्याकडे आली, चप्पल न काढताच खुर्चीत बसली आणि म्हणाली, "त्या बाईचं खरं हाये. माह्यासोबत बी थेच झालं होतं."

बाबा तोवर गेले होते. त्यांना हे ऐकावं लागलं नाही, याचं मला बरं वाटलं. ताईने नंतर पोलिसांकडे जाऊन आपलंही सांगितलं. पोस्टरांवरून त्याचं नाव हळूहळू उतरलं, निमंत्रणं थांबली. खटल्याचा निकाल मात्र लागला नाही, त्याआधीच तो गेला. आणि सगळं बोलून मोकळी झाल्यावर ताईचं गाणं परत येईल असं जे मला वाटलं होतं, ते काही झालं नाही. माझ्या बहिणीचा आवाज तो आपल्यासोबत घेऊन गेला, असंच मला त्या सकाळी वाटत होतं.

त्यात विहारात आदरांजली सभा ठरली. मी महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंना तोंडावर सांगितलं की असल्या सभेला मी येणार नाही आणि मंडळानेही गाऊ नये. त्या शांतपणे म्हणाल्या, "तू नको येऊ. ताई येऊन राहिली."

मी तशीच ताईकडे गेले. ती पांढऱ्या साडीला इस्त्री करत होती.

"काहून जाऊन राहिली तू?" मी विचारलं. "त्याले हार घालाले?"

"हार घालणारे लई हायेत. मले थे गाणं ऐकाचं हाये."

"मोबाईलवर ऐक."

"तिथं त्याचा आवाज हाये. मले बायांचा ऐकाचा हाये." तिने इस्त्री उभी केली. "थे गाणं आपल्या आजीचं हाये वं. त्याच्यासंगं काहून जाऊ देऊ मी?"

मग मीही पांढरी साडी शोधायला घरी गेले.

विहाराच्या दारात पार्टीतले जुने पेटीवाले काका भेटले. आता हात थरथरतात त्यांचे. ताईला पाहून ते खाली बघत म्हणाले, "पोरी, मले तवाच समजत होतं. मी चूप राहिलो."

ताईने चपला काढून बाजूला लावल्या. मग म्हणाली, "आज पेटी तरी नीट वाजवजा, काका."

त्रिशरण-पंचशील झालं, दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहिले, आणि भाषणं सुरू झाली. प्रत्येक जण त्या गोष्टीच्या बाजूने वळसा घालून जात होता. एकाने तर सांगितलं, कलावंताच्या खाजगी आयुष्यात आपण डोकावू नये. मी उठणारच होते, ताईने माझा पदर धरून ठेवला.

शेवटी गाणं. काकांनी सूर दिला, ढोलकी लागली, महिला मंडळाच्या पंधरा-वीस बाया पुढे बसलेल्या. पहिल्या ओळीची जागा आली आणि गेली. कोणीच गायलं नाही. आणि मग सगळ्या एकदम, झोकात, दुसऱ्या ओळीवर आल्या: पांढरं लुगडं नेसून निघाली माणसाच्या वाटे. मागे बसलेला अख्खा हॉल त्यांच्यासोबत होता. प्रश्न कोणी विचारलाच नव्हता आणि उत्तर मात्र दोनशे लोकांनी दिलं.

बाया एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. काकांनी पुन्हा सूर दिला, पुन्हा तेच झालं. इतकी वर्षं सगळ्यांनी कोरसच दिला होता. पहिल्या ओळीशी गप्प बसायचं, हे अंगात मुरलं होतं. तिसऱ्यांदा काकांनी सूर धरला आणि सोडलाच नाही. ते ताईकडे बघत होते.

ताई बसल्या जागेवरून उठली.

"सांग माये," ती म्हणाली, आणि आवाज फाटला. तिने परत सुरुवातीपासून घेतलं. सांग माये, कुठं निघाली एवढ्या पहाटे? आवाज जाडा झाला होता, वय झालं होतं त्याचं, पण सूर जिथे हवा तिथे होता. सायकलवरचे बाबा मला समोर दिसले. मला रडू आलं. त्यात बाबा होते, ताई होती, आणि खोटं काहून बोलू, थोडासा तोही होता. त्याच्यासाठी आलेल्या रडण्याचा मला रागही आला. राग आणि रडू दोन्ही येऊ दिलं.

शेवटच्या कडव्यात त्याचं नाव येतं तिथे ताई थांबली. फक्त टाळी वाजवत राहिली. मागून काही म्हाताऱ्यांनी नाव घेतलं, काहींनी घेतलं नाही. कोणी कोणाला अडवलं नाही. मग उत्तराची ओळ सगळ्यांनी मिळून म्हटली.

आता दर रविवारी दुपारी विहारात ताई पोरींना गाणं शिकवते. दार उघडं असतं, आया आत-बाहेर करत असतात, आणि शिकवताना ताईचे दोन्ही हात पेटीवर असतात. पोरी पाळीपाळीने पहिली ओळ घेतात. जिचा आवाज बारीक, तिची पाळी सगळ्यात आधी. मला गाता येत नाही हे जगजाहीर असूनही मला कोरसमध्ये बसवलं आहे.

परवा एका पोरीने शेवटच्या कडव्यात अडखळून विचारलं, "ताई, इथं नुसती टाळी काहून वाजवाची?"

"इथं एक नाव होतं," ताई म्हणाली. "सध्या टाळीच वाजवाची."

"सध्या म्हणजे कधीपर्यंत?"

"तुमच्यातली कोणी नवं कडवं बांधीन तवालोक. मंग तिनं आपलं नाव टाकावं."

पोरीने मान हलवली आणि गाणं पुन्हा पहिल्या ओळीपासून धरलं. तिच्यामागून आम्ही सगळ्यांनी उत्तर दिलं.