खाकी कागदाचा फरमा

रक्ताच्या आजारांच्या वॉर्डात सात-आठ वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. मी मलकापूरच्या एका दवाखान्यात सिस्टर आहे. आमच्या किश्शांचं एवढंच वाईट, की आधी हसू येतं आणि मग हसल्याची लाज वाटते. शेगावच्या विश्वनाथकाकांचंच ऐका.

*

काका टेलर. त्यांना रक्ताचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, "केमो सुरू करू. जीनची टेस्टही पाठवू. बिघाड कुठल्या जीनमध्ये आहे त्यावर सोबत कुठली गोळी द्यायची, पुढे बोनमॅरो बदलायचा का, ते ठरतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात दोन जीपा! भाऊ, पुतणे, सोनाळ्याच्या आत्याबाई, सगळे उपाशीपोटी, बाह्या वर करून.

"जीन म्हंजे खानदानच ना, बाई? घ्या सगळ्याइचं रक्त!" आत्याबाई म्हणाल्या.

टेस्ट एकट्या काकांच्याच रक्ताची होती. सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं.

*

जीपा परतल्या आणि सोनाळ्यात बोभाटा झाला, की विश्वनाथच्या खानदानातच खोट आहे. काकांच्या मुलीचं, वैशालीचं लग्न त्याच गावात ठरलेलं. होणारे व्याही, आमच्याकडच्या भाषेत इवाई, गणपतराव यांचा फोन आला, "जरा थांबू."

काका हातातली सलाईनची सुई ओढायला लागले. "मले नाई पाह्यजे औषध. माह्यापायी पोरीचं लगन मोडून राह्यलं!"

मी रागावले आणि सुईवरची पट्टी पुन्हा घट्ट बसवली.

*

रिपोर्ट आला. बिघाड जन्मापासूनचा नव्हता, आणि त्याच्यावर गोळी होती. डॉक्टर काकांच्या पलंगावर बसले.

"काका, समजा, ज्यावरून कापड कापता तो शर्टाचा खाकी कागदाचा मूळ फरमा पेटीत आहे. त्यावरून काढलेल्या एका नकलेत कात्री चुकली, आणि कारागीर त्यावरूनच कापत राहिला तर?"

"तेवढे शर्ट बिघडतीन."

"आणि पेटीतला फरमा?"

"त्याले काय होते?"

"तसंच हे. चूक आत्ता झाली, रक्त बनवणाऱ्या एका पेशीत. वैशाली मूळ फरम्यावरची आहे."

काका तोंडावर टॉवेल घेऊन रडले. मी उगाच चार्ट चाळत राहिले.

*

दोन दिवसांनी गणपतराव थेट डॉक्टरांकडे. "पोरीत उतरते का हे?"

"पेशंटचं मी सांगत नाही. त्यांनाच विचारा."

गणपतराव पलंगाशी गेले. काकांनी माझ्याकडे जुना पेपर आणि ड्रेसिंगची कात्री मागितली. अर्धा तास दोघांच्या मध्ये कागद कापला जात होता. मग गणपतराव उठले आणि जिना उतरून गेले.

"गेला," काका म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

*

दुपारी काकांसाठी रक्त आणायला मी खालच्या रक्तपेढीत गेले. खुर्चीवर गणपतराव, बाही वर केलेली, खिशातून काकांनी कापलेली कागदाची बाही डोकावतेय. टेक्निशियन रक्तदानाचा फॉर्म भरत होता.

"पेशंटशी नातं?"

गणपतरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"इवाई लिहा."