झोराला आलेले आभार

“वही त्यांची आहे आत्या, तुझी नाही!” रादिम तिसऱ्यांदा म्हणाला.

“ते मला लिहितात, मग मी उत्तर द्यायला नको?” झोराने हातातला पिठाचा गोळा वळणं थांबवलं नाही.

“वन्सं, तुम्हाला कोण लिहिणार?” ब्लांकाने टेबलावर ताटं मांडता मांडता विचारलं. “टपालवाली गेली तीन वर्षं फक्त विजेचं बिल आणते.”

रादिम झोराचा भाचा, ब्लांका भावजय. लग्न न झालेली झोरा भावाच्या घरात मागच्या खोलीत राहते. बटणांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली, मग आईचं दुखणं काढलं, आता दर रविवारी सगळ्यांसाठी बदक भाजते.

गावाबाहेर शेताच्या कडेला एक दगडी क्रूस आहे. पाचशे वर्षांपूर्वी एका खाटकाने शेजाऱ्याला मारलं आणि प्रायश्चित्त म्हणून तो उभारला. त्याच्यावर सुरी कोरलेली आहे. गावातलं कुणी तिकडे फिरकत नाही. फक्त झोरा जाते, कारण तिथलं गवत आधी तिची आई काढायची. चार वर्षांपूर्वी ब्रनोला नोकरीला जाण्याआधी रादिमने क्रुसामागे पत्र्याची डबी लपवली आणि लपवलेल्या डब्या शोधायच्या खेळासाठी जागेचा पत्ता इंटरनेटवर टाकला. आता हातात फोन धरून परकी माणसं येतात, डबी शोधतात, आतल्या वहीत नाव-तारीख घालतात आणि ती जागच्या जागी ठेवून जातात.

गवत काढताना डबी झोराला सापडली. प्रत्येक नावाखाली तीच तीन अक्षरं होती: डी. झेड. के. आमच्या भाषेत धन्यवादाचा शब्द डी ने सुरू होतो, सगळे नुसतं डी लिहितात. आणि झेड. के. म्हणजे झोरा कोल्मानोव्हा. तिच्या टॉवेलवर तेच भरलेलं आहे, कारखान्यातल्या कपाटावरही तेच होतं. दगडाची निगा कोण राखतं हे गुत्त्यात कुणीतरी सांगितलं असणार. तिने पहिल्या नावाखाली लिहिलं, ‘ऑस्त्रावाहून आलात, लांब पडलं. पुढच्या खेपेला घरी या, पिवळं फाटक.’ कुणी आलं नाही. ती लिहीत राहिली.

“लोक तक्रार करतायत,” रादिम म्हणाला. “सही करायला जागा नाही, म्हणे, कुणी म्हातारी लिहीत सुटलीय. मी ती डबीच काढून टाकतो.”

“आभार मानणाऱ्यांच्या तोंडावर दार लावायचं?”

“अगं, ते आभार डबीचे! ‘डबीबद्दल धन्यवाद’, आपल्या भाषेतल्या त्या तीन शब्दांची पहिली अक्षरं. देशभर सगळ्या डब्यांत हेच लिहितात.”

ओताकारला, तिच्या भावाला, हसू आवरेना. “म्हणजे झोराबाईंचे आभार मानायला माणसं ऑस्त्रावाहून निघाली होती!” त्याने डोळे पुसले. “बदक झालं का बघ गं.”

झोराने बदक बघितलं, चमच्याने वरून चरबी ओतली, झाकण घातलं. मग हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतलं पीठसुद्धा काढलं.

“डबी काढू नकोस,” ती म्हणाली. “नवी वही ठेव. मी लिहिणार नाही.”

“शहाणी माझी आत्या.”

“रविवारी तिथे जाऊन बसेन.”

“बसू नकोस गं! परक्या माणसासमोर डबी काढायची नाही, असा त्यांचा नियम असतो. कुणी दिसलं की ते फुलं बघितल्यासारखं करतात, तो माणूस जाईपर्यंत.”

“जाईपर्यंत थांबतात?”

“थांबतात. तासतासभर.”

झोराने एप्रन सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि खुंटीवरचा कोट काढला.

“बदक बारा वाजता बाहेर काढा,” ती म्हणाली. “मी आज जेवायला नाही. पुढच्या रविवारीही नाही.”