अर्ध्या मीटरची बेरीज

बंदरातल्या लोकांना बुलेटिनबाईंचा आवाज तोंडपाठ होता, चेहरा मात्र निम्म्यांनी पाहिलेला नव्हता. रोज सकाळी सहाला आणि दुपारी दोनला त्या हवामान कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर वायरलेससमोर बसत, मुख्य कचेरीतून आलेला कागद हातात धरत आणि वाऱ्याची दिशा, वाऱ्याचा वेग, लाटांची उंची असं सगळं ओळीने वाचून काढत. काम चार मिनिटांचं. तयारी मात्र अर्ध्या तासाची. घसा साफ करायचा, चष्मा पुसायचा, पंखा बंद करायचा. पंख्याची घरघर वायरलेसवर थेट वादळासारखी ऐकू जाते, आणि पहिल्याच वर्षी तेवढ्यावरून तीन बोटी परत फिरल्या होत्या.

दुसऱ्या वर्षी जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. बाईंनी दीड मीटर वाचलं, कागदावरही दीडच होतं. त्या दिवशी बंदराच्या तोंडाशी जी वाळूची पट्टी आहे, तिथे एक बोट उलटली. बोटीवर बाईंचा नवरा होता. तो गुडघा मोडून परत आला. त्याचा इंजिनवाला आलाच नाही.

चौकशी झाली. बुलेटिन बरोबर होतं असा निकाल लागला, आणि तो खराच होता. कागदावर दीड मीटर लिहिलेलं असतं म्हणजे मोठ्या लाटांची सरासरी दीड असते. त्यातली एखादी अडीचपर्यंत जाते, आणि तशी एक जाणारच. कचेरीत हे सगळ्यांना ठाऊक असतं. बोटीवरचा माणूस दीड ऐकतो आणि दीडच धरतो. नवरा आपला आवाज ऐकून निघाला होता, ही गोष्ट बाईंना गिळताही येईना, कोणाला सांगताही येईना. पुढच्या सोमवारपासून त्या लाटांच्या उंचीत अर्धा मीटर घालून वाचू लागल्या. कोणाला सांगितलं नाही, विचारलं नाही. असं एकोणीस वर्षं चाललं.

मग नवे साहेब आले. वयाने बाईंच्या मुलीएवढे, पण कामाला चोख. त्यांनी जुन्या टेपा काढून कागदांशी ताडून पाहिल्या, आणि एका शनिवारी बाईंना आत बोलावून दार लावून घेतलं. आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

"आकडा आपला नसतो, बाई," साहेब म्हणाले. "आपण फक्त पोचवायचा."

बाईंनी मान डोलावली. सोमवारपासून कागदावर जे होतं तेच वाचलं. सोमवार, मंगळवार, बुधवार समुद्र पाळीव जनावरासारखा पडून होता. पाऊण मीटर, कधी तेवढंही नाही. कोणाला काही फरक जाणवला नाही.

गुरुवारी दुपारच्या कागदावर आकडा आला दोन पूर्णांक एक. वारा जवळजवळ नाही, आकाशात ढगाचा तुकडा नाही. तीन-चार हजार किलोमीटर दक्षिणेला एका मोठ्या वादळाने उठवलेल्या लाटा चार दिवस चालत संध्याकाळी पाचच्या सुमाराला इथे पोचणार होत्या. दोन लाटांमधला वेळ होता सतरा सेकंद. अशा लाटा खोल पाण्यात डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत, आणि उथळ वाळूवर आल्या की उभ्या राहतात. बाईंनी नेहमीपेक्षा सावकाश वाचलं. आकडा दोनदा सांगितला. बंदरातल्या लहान बोटींचा नियमच होता की दोन मीटरच्या वर आकडा गेला की बोट धक्क्यालाच. त्यामुळे त्या निश्चिंत मनाने डबा उघडून बसल्या.

पहिला घास तोंडात होता आणि त्यांना खिडकीतून धक्का दिसला. बर्फाच्या लाद्या चढत होत्या. एका बोटीवर नाही, सगळ्यांवर.

त्यांनी धाकट्या दिराला फोन लावला. नवऱ्याने समुद्र सोडल्यापासून घरची बोट तोच चालवत असे.

"भावोजी, बर्फ कशाला भरताय?"

"चारला भरतीवर निघायचंय. का हो, वहिनी?"

"दोन पूर्णांक एक सांगितलंय ना मी?"

"तेच तर. म्हणजे एक पूर्णांक सहा."

"ते कसं काय?"

दीर हसला. "तुमचा अर्धा वजा नको करायला?"

बाईंनी चमचा खाली ठेवला. दिराला वाटलं फोन तुटला, म्हणून तो जरा मोठ्याने सांगू लागला. सगळ्या बंदराला माहीत होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी बाई मुलीच्या बाळंतपणाला तीन आठवडे रजेवर गेल्या होत्या, तेव्हा बदलीच्या माणसाने बुलेटिन वाचलं, आणि समुद्र तसाच असून आकडे एका रात्रीत अर्ध्या मीटरने उतरले. बोटवाले काही दुधखुळे नव्हते. तेव्हापासून बाईंचा आवाज आला की अर्धा काढायचा, दुसऱ्या कोणाचा आला तर तसाच घ्यायचा, असं ठरून गेलं होतं. बाईंची बेरीज आणि त्यांची वजाबाकी इतकी वर्षं गुण्यागोविंदाने नांदत होत्या, म्हणून कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

"भावोजी, सोमवारपासून मी काही वाढवत नाही. आजचा आकडा कागदावरचा आहे."

"बरं बरं."

"बरं बरं काय? निघू नका."

"वहिनी, मागच्या वर्षी पोटात कळा येताहेत म्हणून मला बोटीवरून बोलावून घेतलंत, आणि मी आलो तर तुम्ही कपडे वाळत घालत होतात. आकाश बघा एकदा. ठेवतो."

ती पोटदुखी खोटी होती हे खरंच होतं. बाईंनी डबा झाकला आणि साहेबांच्या खोलीत गेल्या. एकोणीस वर्षांचा हिशोब त्यांनी उभ्या उभ्या तीन वाक्यांत सांगितला. साहेबांचा चेहरा पडला, पण ते हातपाय गाळून बसले नाहीत. त्यांनी लगेच मुख्य कचेरीला फोन लावून खास इशारा द्यायची परवानगी मागितली. तिकडून उत्तर आलं की इशारा अडीच मीटरच्या पुढे देतात, आणि दोन पूर्णांक एकचं बुलेटिन तर गेलेलंच आहे.

"बुलेटिनबाहेरचा एक शब्द वाहिनीवर बोलता येत नाही," साहेब म्हणाले. "मी आणखी वर विचारतो. पाच मिनिटं द्या."

साहेब वर विचारत राहिले. पाच मिनिटांचा तास झाला. तीन चाळीसला पहिल्या बोटीचं इंजिन सुरू झालं आणि मग एकामागून एक सगळ्यांची. बाई आपल्या खोलीत आल्या, पंखा बंद केला आणि बटण दाबलं.

"सगळ्या बोटींना. हे बुलेटिन नाही, मीच बोलतेय. दोन वाजताचा आकडा खरा आहे. त्यात माझं काही नाही. वजा करू नका."

मग कोणीतरी म्हणालं, "ताई, काळजी पोचली. आल्यावर मासे पाठवतो." दोन-तीन बोटींवरून हसल्याचा आवाज आला.

बाईंना रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. राग त्यांचा त्यांच्यावरच होता. ज्यांना वाचवायचं म्हणून एवढी वर्षं खोटं वाचलं, त्यांनाच आता खरं पटत नव्हतं.

"ऐका," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षं मी प्रत्येक आकड्यात अर्धा मीटर घातला. कोणाला न विचारता. ते तुम्हाला माहीत आहे हे मला आज कळलं. साहेबांनी पकडलं, म्हणून सोमवारपासून मी ते बंद केलंय. आज पाच वाजता पट्टीवर दोन पूर्णांक एक आहे, आणि त्यातली एखादी साडेतीनची असेल. आकाशाकडे बघू नका. ही लाट आकाशातून येत नाही."

मग मौनी बोलला. मौनी म्हणजे बंदरातला सगळ्यात जुना कप्तान. तो वायरलेसवर वर्षातून दोनदा बोलला तरी लोक घरी जाऊन सांगत.

"बाई, हे टेप होतंय का?"

"होतंय."

"टेप वर जाते?"

"साहेब आल्यापासून, दर शनिवारी."

"आणि त्यात तुम्ही आत्ता जे बोललात ते सगळं जाणार."

"जाणार."

"माझी बोट थांबतेय," मौनी म्हणाला.

मग दुसरी थांबली, तिसरी थांबली. बाई कागदावर रेघा ओढत गेल्या. एकतीस झाल्या. बत्तिसावी बोट त्यांच्या दिराची. ती धक्का सोडून बंदराच्या तोंडाच्या अर्ध्या वाटेवर होती. बाईंनी खिडकीतून तिच्यावर नजर धरली.

"वहिनी," अखेर दिराचा आवाज आला. "वळवतोय."

पाच वाजून दहा मिनिटांनी लखलखीत उन्हात पट्टीवर पहिली लाट उभी राहिली. बंदराचं तोंड या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं झालं. तिच्यामागून सतरा-सतरा सेकंदांनी बाकीच्या येत राहिल्या. साहेब बाईंच्या खिडकीत येऊन उभे होते.

"टेप मला पाठवावीच लागेल," ते म्हणाले.

"पाठवा."

साहेबांनी अहवालही पाठवला. त्यात बाईंची चूक लिहिली, आणि आपण दोनदा परवानगी मागितली ती मिळाली नाही हेही लिहिलं. बाईंकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. आकडे का वाढवले, या रकान्यात त्यांनी लिहिलं की लोक घाबरून घरी राहतील असं वाटलं होतं. आणखी काही लिहिण्यासारखं त्यांना सापडलं नाही. निर्णय यायला महिना तरी लागणार होता आणि बदलीचा माणूस मिळत नव्हता, म्हणून तोवर वाचायचं त्यांनीच.

तीन दिवसांनी लाटा ओसरल्या. सोमवारी दुपारी कागदावर एक पूर्णांक दोन होतं. बाईंनी ते वाचलं, आणि वायरलेसवर मौनी वर्षातलं दुसरं बोलणं उरकून मोकळा झाला.

"बाई, किती वजा?"

"काही नाही. आहे तेवढंच."

"बरं," तो म्हणाला, आणि बत्तीसच्या बत्तीस बोटींनी इंजिनं सुरू केली.

एकोणीस वर्षांत त्यांचा खरा आकडा जसाच्या तसा धरून कोणी समुद्रात गेलं नव्हतं. त्या वाढवत, ते कमी करत, आणि चूक झालीच असती तर ती दोघांत वाटली गेली असती. आज ही सगळी माणसं त्यांच्या एका शब्दावर समुद्रात चालली होती. त्या खिडकीशी गेल्या आणि पट्टी ओलांडणारी एकेक बोट मोजू लागल्या. बत्तिसावी पलीकडे गेली, दिसेनाशी झाली, तरी त्या तिथून हलल्या नाहीत.